फिरत्या पात्याची गरी: वालीवच्या गाळ्यातून वसईच्या खाडीपर्यंत

आखाती देशातून सुट्टीवर आलेल्या भावाच्या, मामाच्या बॅगेत हल्ली खजूर आणि अत्तराच्या जोडीला एक नवीन वस्तू दिसू लागली आहे. सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली तार, तिच्या एका टोकाला शिशाचे डोके आणि गळ, गळावर रबराच्या रंगीत झिरमिळ्या आणि दुसऱ्या टोकाला चमचमणारे एक-दोन धातूचे पाते. इंग्रजीत याला स्पिनरबेट म्हणतात. पाण्यातून ओढले की पाते गरगर फिरते, चमकते आणि थरथर निर्माण करते. शिकारी माशाला वाटते की लहान मासा घाबरून पळतो आहे, आणि तो झडप घालतो. वसई, नायगाव, सोपारा, अर्नाळा या पट्ट्यात गरवायला जाणाऱ्या तरुणांनी आम्हाला या पात्यांविषयी इतक्या वेळा विचारले आहे, की या महिन्याचे सदर त्यासाठीच राखून ठेवले आहे. कोणते पाते केव्हा लावायचे, त्यात फेरफार कसे करायचे आणि विकत न आणता ते आपल्याकडेच कसे करून घ्यायचे, ते पाहू.

एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. हे आमिष मूळचे अमेरिकेतल्या ‘बास’ या गोड्या पाण्यातल्या माशासाठी वाढले, सुधारले. तो मासा आपल्या पाण्यात नाही. त्यामुळे परदेशी डब्यावरच्या सूचना जशाच्या तशा पाळून उपयोग नाही. पण स्वभावाने त्याच्यासारखे, म्हणजे आडोशाला दबा धरून बसणारे आणि जवळून गेलेल्या भक्ष्यावर एकदम तुटून पडणारे मासे आपल्याकडे आहेत. खाडीत जिताडा आणि तांब, तळ्यात व ओढ्यात मरळ. जिताड्याला तर इंग्रजीत ‘एशियन सी बास’ असेच नाव आहे, आणि ऑस्ट्रेलियात ज्याला बारामुंडी म्हणून डोक्यावर घेतात तोही हाच. तिथले लोक त्याला फिरत्या पात्यानेही पकडतात. तेव्हा बास नसला तरी पाते आपल्या कामाचे आहे.

चमच्यापासून सुरुवात

धातूच्या चमकणाऱ्या तुकड्याने मासा फसतो हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचा आधुनिक धंदा मात्र स्वयंपाकघरातल्या चमच्यापासून सुरू झाला. अमेरिकेतल्या ज्युलिओ बुएल याच्याविषयी असे सांगतात की, होडीत बसून जेवताना त्याच्या हातातला चमचा तळ्यात पडला आणि गिरक्या घेत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर एका मोठ्या माशाने झडप घातली. किस्सा खरा असो वा रंगवलेला, बुएलने चमच्याच्या वाटीला गळ जोडून आमिषे बनवली आणि १८५२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले हे खरे. पुढे १९३८ मध्ये फ्रान्समध्ये मेप्स या कंपनीने तारेभोवती फिरणारे पाते बाजारात आणले. तारेला वाकवून पाते वर आणि गळ खाली अशी मांडणी केली, की झाले आजचे स्पिनरबेट.

या मांडणीचा फायदा आपल्या पाण्यात विशेष आहे. वाकलेली तार पुढे चालते आणि गळ तिच्या आड राहतो. त्यामुळे तळ्यातल्या कमळाच्या देठात किंवा खाडीतल्या तिवराच्या मुळांत गळ सहसा अडकत नाही. तार आधी आपटते, सरकते आणि आमिष बाहेर येते. मरळ आणि जिताडा बसतात ते नेमके अशाच अडचणीच्या जागी.

तीन आकार, तीन स्वभाव

बाजारात पात्याची कितीही नावे ऐकलीत तरी मूळ आकार तीनच.

पहिले गोल पाते, ज्याला कोलोरॅडो म्हणतात. हे जवळजवळ नाण्यासारखे गोल आणि वाटीसारखे खोलगट असते. फिरताना ते तारेपासून बरेच लांब, रुंद वर्तुळात फिरते आणि पाण्याला जोराने ढकलते. थरथर इतकी मोठी, की काठीच्या मुठीत ती स्पष्ट जाणवते. पाण्याचा अडथळा जास्त घेत असल्याने हे आमिष वर उचलले जाते, म्हणून ते हळू ओढता येते.

दुसरे लांबट पाते, विलो नावाच्या झाडाच्या पानासारखे दोन्हीकडे निमुळते. आपल्याला समजायला कडुनिंबाच्या झाडाचे एक सुटे पान डोळ्यांपुढे आणा. हे तारेला चिकटून, भराभर फिरते. थरथर कमी, पण चमक भरपूर. बोईटाच्या किंवा मांदेलीच्या थव्याने अंग वळवावे तशी. अडथळा कमी घेत असल्याने ते जोराने ओढता येते आणि खोलही जाते. गवतातूनही ते सहज निसटते.

तिसरे इंडियाना, या दोहोंच्या मधले, पाण्याच्या थेंबासारखे. थोडी थरथर, थोडी चमक. एकच पाते घ्यायचे असेल तर नवख्याने हे घ्यावे.

चमक आणि थरथर हा भेद इतका महत्त्वाचा का? माशाला डोळ्यांशिवाय आणखी एक इंद्रिय असते. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या बाजूने एक रेघ दिसते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. बाजारातून आणलेला मासा साफ करताना ती आपल्या घरातल्या बायकांनी शेकडो वेळा पाहिली असेल. त्या रेघेतल्या सूक्ष्म छिद्रांमागे पाण्याची हालचाल टिपणारे तंतू असतात. गढूळ पाण्यात किंवा अंधारात मासा भक्ष्य शोधतो तो बराचसा या रेघेच्या भरवशावर. म्हणून नियम सोपा आहे: माशाला दिसत असेल तर चमक द्या, दिसत नसेल तर थरथर द्या.

पाणी कसे आहे ते चंद्र सांगतो

आता हा नियम वसईच्या पाण्याला लावू. उल्हास नदीचे पाणी घेऊन येणारी वसईची खाडी दक्षिणेला, वैतरणेची खाडी उत्तरेला. दोन्हीकडे पाणी गढूळ; पण रोज सारखे गढूळ नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाणी जोराने धावते आणि तळाचा चिखल उसळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी हळू चालते आणि गाळ बसून थोडे निवळते.

आपल्या घरात हिजरी तारखांचे कॅलेंडर भिंतीवर असतेच. खाडीवर जाणाऱ्याला ते फार उपयोगी पडते. चाँदची पहिली ते तिसरी आणि चौदावी ते सतरावी या काळात उधाण समजा. आठवी-नववी आणि बावीस-तेविसाव्याच्या सुमारास भांग. उधाणाला गोल पाते, भांगाला लांबट किंवा मधले.

भरतीची वेळही यावरून काढता येते. आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणतात. येणारा आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याचा तास. चाँद दिसतो तो बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी, म्हणून हिजरी तारखेत १ मिळवा, बेरीज १५ च्या वर गेली तर त्यातून १५ वजा करा आणि पाऊणने गुणा. उदाहरणार्थ, चाँदची ७ तारीख: ७ अधिक १ म्हणजे ८, त्याची पाऊणपट ६. म्हणजे सकाळी व संध्याकाळी साधारण सहाला भरती भरेल. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितके आत जाल तितके पाणी उशिरा पोहोचते. पाण्यात उतरायचे किंवा होडीने जायचे असेल तर छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे. पण घरून निघायची वेळ ठरवायला हा हिशेब पुरतो.

जिताड्यासाठी भरती भरून ओहोटी लागते ती पहिली दोन तासांची वेळ साधावी. तिवरांत आणि मिठागरांच्या कडेला पसरलेले पाणी लहान लहान नाळांतून परत खाडीत येऊ लागते. त्या पाण्याबरोबर कोळंबी आणि लहान बोईट बाहेर पडतात. नाळेच्या तोंडाशी, बांधाच्या उघाडीखाली जिताडा त्यांची वाट पाहत असतो. पाते नाळेच्या आतल्या बाजूला टाकावे आणि पाण्याच्या वाहण्याबरोबर बाहेर आणावे, कारण त्याचे जेवण त्याच दिशेने येते.

तळ्याचे गणित वेगळे. पावसाळा संपून पाणी निवळले की मरळीसाठी गोल किंवा मधले पाते कमळाच्या पानांच्या कडेने, पृष्ठभागाच्या अगदी खाली, हळू ओढावे. मरळ हवा घ्यायला वर येते. पाण्यावर बुडबुडा किंवा हलकी डुबकी दिसली की त्या जागेच्या पलीकडे टाकून पाते तिथून न्यावे. थेट तिच्या डोक्यावर टाकू नये. गावतळी अनेकदा मासेपालनासाठी ठेक्याने दिलेली असतात, तेव्हा आधी परवानगी घ्यावी. पाणीपुरवठ्याची धरणे आणि तुंगारेश्वरच्या अभयारण्यातले ओढे यांच्या वाटेला जाऊ नये.

रंगाचा विचार

रंगाच्या बाबतीत लोक फार गोंधळतात. चार ओळी लक्षात ठेवल्या तरी पुरे. स्वच्छ पाणी आणि लख्ख ऊन असेल तर चंदेरी. गढूळ किंवा चहासारखे तांबूस पाणी असेल तर सोनेरी, म्हणजे पितळी; गढूळ पाण्यात निळा प्रकाश लवकर संपतो आणि पिवळा-तांबडा पुढे जातो, म्हणून पितळ जास्त दिसते. असरनंतर ऊन उतरू लागले की तांब्याचे पाते चांगले चालते. आणि अगदी अंधार असेल तर काळे रंगवलेले गोल पाते. अंधारात चमक निरुपयोगी, पण काळी आकृती आभाळाच्या फिकट उजेडावर ठळक उठते.

असर ते मगरिब आणि फजरनंतरचा तासभर, या दोन वेळा मासे खाण्यासाठी बाहेर पडण्याच्या असतात. नमाजच्या वेळा सांभाळून गरवायला जाणाऱ्याला वेगळे वेळापत्रक करावे लागत नाही.

वालीवमध्येच पाते का करू नये?

आता मुद्द्याकडे येऊ. तयार आमिषाला काहीशे रुपये पडतात, आणि तिवराच्या मुळात एक अडकून तुटले की तेवढे पैसे पाण्यात. विद्यार्थ्याला किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या तरुणाला हे परवडणारे नाही. पण वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, महामार्गाच्या अलीकडे, वालीव, गोखिवरे, सातिवली, चिंचपाडा या भागात छोट्या छोट्या गाळ्यांत काय होत नाही? पत्रा कापला जातो, प्रेसवर दाबला जातो, बफिंगच्या चाकावर चमकवला जातो, शेजारच्या गाळ्यात त्याला निकेलचा मुलामा चढतो. फिरते पाते म्हणजे तरी काय? पत्र्याचा कापलेला, दाबलेला आणि चमकवलेला तुकडा. जगभर जे पाते विकत घेतात त्याचे सगळे कसब आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि आपल्या कित्येक वाचकांच्या घरातले कर्ते पुरुष त्याच कामावर जातात.

पत्र्याच्या कामात कडेचे तुकडे उरतात, त्याला कातरण म्हणतात. ती भंगारात जाते. मालकाला विचारून, वजनाचे पैसे देऊन अर्धा किलो पितळेची कातरण आणली तर वर्षभराची पाती होतील. विचारल्याशिवाय उचललेली कातरण मात्र आणू नका. फेकून देण्याची वस्तू असली तरी ती दुसऱ्याच्या मालकीची असते.

पितळ घ्यावे, ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचे. याहून पातळ पाते माशाच्या झडपेत वाकते, जाड पाते हळू ओढताना फिरत नाही. स्टेनलेस स्टील गंजत नाही, पण हाताने ठोकून आकार घेत नाही. त्याला प्रेस लागतो. पितळ नरम करता येते. पक्कडीत धरून मंद लाल होईपर्यंत तापवावे आणि पाण्यात बुडवावे. लोखंड असे केल्यावर कडक होते, पितळ उलट मऊ राहते.

कृती अशी. जाड पुठ्ठ्यावर आकार काढून कापून घ्या. खाडीसाठी गोल पाते दहा रुपयांच्या नाण्याएवढे, म्हणजे सुमारे २७ मिलिमीटरचे असावे. नाणेच ठोकून पाते करण्याची कल्पना काहींना सुचते. ती सोडून द्यावी, नाणे मोडणे कायद्याने गुन्हा आहे. पुठ्ठ्यावरून पत्र्यावर रेघ मारा, पत्रा कापायच्या कात्रीने कापा. एका टोकाला काठापासून ३ मिलिमीटर आत भोक पाडा. कडा कानशीने घासून बोट फिरवले तर लागणार नाही इतक्या गुळगुळीत करा. धारदार कडेने तंगूस कापला जातो. मग लाकडाच्या ठोकळ्यात उथळ खळगा कोरून त्यात पत्रा ठेवा आणि गोल तोंडाच्या हातोडीने मधूनच कडेकडे हलके ठोके द्या. एकाच जोरदार ठोक्यात खोली आणू पाहिलीत तर पत्रा सुरकुततो.

हे ठोके सगळे पुसून टाकायची गरज नाही. ठोक्यांच्या खुणा असलेले पाते प्रकाश एका दिशेला न फेकता विखुरते, आणि लहान माशाच्या खवल्यांसारखे दिसते. परदेशात अशा ‘ठोकलेल्या’ पात्याला वेगळे नाव आणि जास्त किंमत आहे.

चमक आणायला चिंच आणि मीठ. जुन्या घरांत तांब्या-पितळेची भांडी याच जोडीने घासली जातात. आणि पाते एका बाजूने चंदेरी हवे असेल तर त्याला कल्हई करून घ्या. कल्हईवाले चाचा आता फारसे फिरत नाहीत, पण ईदच्या आधी मोठी देगची कल्हईला जाते तेव्हा त्यांच्याकडे दोन-चार पाती द्यावीत. “चाचा, एकाच बाजूने द्या, दुसरी तशीच राहू द्या,” इतके सांगितले की पुरे. पाते तापवून, नवसागर टाकून, कथिल लावून कापसाने पुसले की एक बाजू रुपेरी, एक बाजू पितळी. फिरताना माशाला कधी चांदी दिसेल, कधी सोने. जिवंत मासा अंग वळवतो तेव्हा त्याची पाठ आणि पोट असेच आलटून पालटून दिसते.

निकेल किंवा क्रोमचा मुलामा मात्र घरी देण्याच्या फंदात पडू नये. त्या हौदांतली रसायने विषारी असतात. प्लेटिंगच्या गाळ्यात इतर मालाबरोबर तारेला ओवून पाती द्यावीत. काम तिथल्या माणसांना आणि त्यांच्या व्यवस्थेला करू द्यावे.

जोडणी आणि फेरफार

पाते कितीही सुंदर असले तरी ते ज्या फिरकीवर बसते ती खराब असेल तर सगळे व्यर्थ. फिरकी छर्‍यांची, म्हणजे बॉल बेअरिंगची घ्यावी. साधी पिंपासारखी फिरकी ओढ लागली की अडते. परीक्षा सोपी आहे: आमिष हातात धरून पात्यावर फुंकर मारा. फिरले तर चांगले, अडखळले तर फिरकी बदला. फिरकी आणि पाते यांच्यामध्ये किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी कडी ठेवा, म्हणजे खाडीच्या काठावर उभ्या उभ्या पाते बदलता येते. एक सांगाडा आणि खिशात सहा पाती, एवढ्यात सगळा मोसम निघतो.

सांगाड्यासाठी एक मिलिमीटरच्या आसपासची स्टेनलेसची स्प्रिंगची तार वापरावी. वरच्या हाताची लांबी अशी ठेवा, की पात्याचे मागचे टोक गळाच्या बाकावर येईल. पाते फार मागे गेले तर मासा पात्यालाच चावतो आणि गळ सुटा राहतो. वरून पाहिले असता वरची तार आणि गळाची दांडी एका रेषेत दिसली पाहिजे. आमिष ओढताना एका बाजूला कलंडत असेल तर आधी हीच रेषा तपासा. रेषा बरोबर असूनही कलंडत असेल तर पाते डोक्याच्या मानाने मोठे आहे. एक माप लहान लावा.

थरथर कमी-जास्त करायला नवे पातेच लागते असे नाही. दोन पक्कडींनी पात्याचा खोलगटपणा किंचित वाढवला तर ते पाणी जास्त पकडते, हळू फिरते आणि जोरात थरथरते. थोडे सपाट केले तर भराभर फिरते आणि चमकते. चमक जास्त वाटली तर बारीक पॉलिश पेपरने आतली बाजू घासून मंद करा. पांढरा किंवा पोपटी ठिपका हवा असेल तर बहिणीकडची नखांना लावायची पॉलिश चालते. विचारून घ्या आणि दोन हात देऊन रात्रभर वाळू द्या.

दोन पाती लावायची असतील तर पुढे लहान गोल आणि मागे मोठे लांबट अशी जोडी करतात. पुढचे पाते तारेवरच यूच्या आकाराच्या छोट्या कडीने, दोन मण्यांच्या मध्ये बसते. चित्र असे तयार होते की लहान मासे एकामागून एक पळत आहेत. निवळलेल्या पाण्यात ही जोडी चांगली. फार गढूळ पाण्यात एकच मोठे गोल पाते बरे, कारण दोन पात्यांची थरथर एकमेकांत मिसळून पुसट होते.

खाडीवरून परत आल्यावर सगळे आमिष गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, वाळवून ठेवा. फिरकीत तेलाचा एक थेंब. खारट पाणी तसेच राहिले तर महिन्याभरात गळ गंजतो आणि फिरकी धरते. जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणून आमिषाच्या पुढे हातभर जाड तंगूस जोडायला विसरू नका. मासा हाताळताना कल्ल्यात बोट घालू नका.

शिसे घरात नको

हा परिच्छेद विशेषतः आयांनी वाचावा. आमिषाचे डोके शिशाचे असते, आणि पाती करू लागलेला मुलगा पुढचे पाऊल म्हणून शिसे वितळवायला घेतो. गाडीच्या चाकाची वजने, भंगारातल्या बॅटरीच्या प्लेटा, जुने पाइप, असे काहीही जमा करून घरच्या गॅसवर कढईत वितळवतात. कृपा करून हे होऊ देऊ नका. शिशाची वाफ आणि बारीक धूळ भांड्यांवर, भिंतींवर, कपड्यांवर बसते आणि सर्वांत आधी लहान मुलांच्या पोटात जाते. त्याने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, तो भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही. बॅटरीच्या प्लेटा तर सर्वांत घातक.

डोकी तयार मिळतात, तीच घ्यावीत. नाहीतर लेथवर पितळेच्या सळईचे लहान डोके कातून घ्यावे. वालीवमध्ये लेथवाल्याला हे काही मिनिटांचे काम आहे. पितळ शिशापेक्षा हलके, म्हणून डोके थोडे मोठे ठेवावे लागते, इतकेच. शिशाची गोळी दातांनी दाबून तंगूसवर बसवायची सवयही मोडा. शिशाला हात लागले तर काही खाण्याआधी साबणाने धुवा.

माशाचा हक्क

पाते चांगले झाले की मासे जास्त लागतील. तेव्हा किती न्यायचे आणि कोणते सोडायचे हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर पाते निवडण्याइतक्याच काळजीने द्यायला हवे.

जिताड्याची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे खूप मोठा, फोटो काढण्याजोगा जिताडा हाती लागतो ती बहुधा आई असते. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी येऊन ती लाखोंनी अंडी घालते, आणि पिल्ले भरतीबरोबर तिवरांत, नाळांत, शेतांच्या पाण्यात शिरून वाढतात. फार लहान मासा नेला तर एक जेवण होत नाही, फार मोठी मादी नेली तर पुढची पिढी जाते. मधल्या मापाचा घरी आणा. सरकारनेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान माप ठरवून दिले आहे. नियम मोठ्या मासेमारीसाठी केलेला असला, तरी त्यातला विचार काठावरून गरवणाऱ्याला तितकाच लागू पडतो.

मरळीचे वेगळे. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा हलताना दिसला तर समजा, त्याच्या खाली त्यांचे आईबाप पहारा देत आहेत. त्या गोळ्यावरून पाते नेले तर पिल्लांच्या रक्षणासाठी ती हमखास झडप घालते. काही जण याला हुशारी समजतात. पण भुकेने आलेला मासा आणि पिल्ले वाचवायला आलेला मासा यात फरक आहे. आई गेली की तासाभरात ती पिल्ले इतर माशांच्या पोटात जातात. यतीमांविषयी आपल्या दीनची ताकीद ऐकत वाढलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. तो गोळा दिसला की पाते गुंडाळून दुसऱ्या काठाला जावे.

खाण्यासाठी मासा धरणे हलाल आहे. नुसत्या करमणुकीसाठी जीवाला यातना देणे आपल्याकडे पसंत केलेले नाही. म्हणून फोटोसाठी वीस मासे धरून वीस सोडण्यापेक्षा घरात लागतील तेवढे दोन धरून थांबणे चांगले. सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा, जमिनीवर आपटू देऊ नये आणि पटकन पाण्यात द्यावा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला की गळ लवकर निघतो, आणि चुकून आपल्याच बोटात गेला तरी दवाखान्यात जावे लागत नाही. तुटलेला तंगूस तिवरांत टाकून येऊ नये. बगळे आणि खंड्या त्यात अडकून मरतात.

आणि मुलांना एकटे पाठवू नका. खाडीचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि पाय कंबरेपर्यंत आत जातो. नाळ ओलांडून पलीकडे गेलेल्याला भरती लागली की परतीचा रस्ता उरत नाही. दोघांनी मिळून जावे, निघताना घरी जागा आणि परतायची वेळ सांगावी, आणि जून-जुलैच्या उधाणात काठावरूनच सलाम करून परत यावे.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी या महिन्यात एवढेच करावे. पितळेची दोन गोल आणि दोन लांबट पाती कापावीत. गोल जोडीतले एक आणि लांबट जोडीतले एक कल्हईला द्यावे. एक तयार सांगाडा विकत घ्यावा आणि चाँदच्या आठव्या-नवव्या तारखेला, पाणी शांत असताना, असरनंतर एखाद्या नाळेवर चारही पाती पाळीपाळीने ओढून पाहावीत. काठीच्या मुठीतली थरथर कशी बदलते ते आधी हाताला कळू द्या. वहीत तारीख, पाण्याचा रंग आणि पात्याचा आकार लिहून ठेवा. अशा दहा फेऱ्यांच्या नोंदी झाल्या की आपल्या नाळेवर कोणते पाते चालते हे ती वहीच सांगू लागेल.